गल्लीच्या आत, गल्लीच्या बाहेर

पुण्याच्या येरवडा भागात शीला साळवे नगर, मदर तेरेसा नगर, भाट नगर, नेताजी नगर, वडार वस्ती यांसारख्या जुन्या वस्त्यांमध्ये पत्र्याची कच्ची घरे उतरवून पक्की घरे बांधली गेली. ज्याचे घर जिथे होते तिथेच ते नव्याने उभे राहिले. बोळ तोच, शेजार तोच, कोपऱ्यावरचे किराणा दुकानही जागच्या जागी. केंद्र सरकारने डिसेंबर 2005मध्ये जवाहरलाल नेहरूंच्या नावाने नागरी पुनर्निर्माण अभियान सुरू केले होते. त्यातल्या शहरी गरिबांसाठीच्या मूलभूत सेवांच्या योजनेतून, म्हणजे ‘बीएसयूपी’तून, पुणे महापालिकेने अशी सुमारे 4000 घरे बांधायला घेतली. एका घराला 3 लाख रुपये धरले होते. त्यांतला दहावा हिस्सा कुटुंबाने भरायचा आणि बाकीचा केंद्र, राज्य व महापालिका यांनी मिळून द्यायचा. घराचे क्षेत्रफळ 270 चौरस फूट. येरवड्याच्या सात वस्त्यांतले काम स्पार्क ही संस्था आणि महिला मिलन ही वस्तीतल्या बायकांची संघटना यांच्याकडे होते. आराखड्यांवर पुण्याचे वास्तुविशारद प्रसन्न देसाई यांच्यासोबत फिलिपे बालेस्ट्रा आणि सारा योरान्सन यांनी काम केले.

महाराष्ट्राला दुसरी वाट अधिक ओळखीची आहे. 1995पासून मुंबईत आणि 2005पासून पुणे व पिंपरी-चिंचवडमध्ये झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण, लोकांच्या तोंडातले ‘एसआरए’, काम करते. त्या पद्धतीत बिल्डर वस्ती मोकळी करतो, पात्र झोपडीधारकांना उंच इमारतीत फुकट सदनिका देतो आणि त्या बदल्यात मिळालेल्या वाढीव चटईक्षेत्रातून विक्रीची घरे बांधतो. वस्तीचे रूप पालटण्याचे काम रहिवाशांच्या हाती द्यावे का, हा वाद आपल्याकडे प्रत्यक्षात या दोन वाटांमधला आहे. त्याच्या दोन बाजू इथे दोन व्यक्तींच्या तोंडून मांडल्या आहेत. एक आहेत महापालिकेच्या झोपडपट्टी विभागात उमेदीची वर्षे घालवून निवृत्त झालेले अभियंता. दुसऱ्या पत्र्याच्या घरात वाढलेल्या आणि बचत गटापासून काम सुरू केलेल्या कार्यकर्त्या. त्यांना सगळे ताई म्हणतात. दोघेही कल्पनेतले आहेत. त्यांचे मुद्दे मात्र अशा कामाच्या कुठल्याही बैठकीत ऐकायला मिळतात.

वाद मोजणीपासूनच सुरू होतो, कारण वस्तीत पहिले पाऊल पडते ते मोजणीचे.

“ताई, मोजणी हे सर्वेक्षकाचं काम आहे,” अभियंता म्हणतात. “यंत्र लावा, नकाशा काढा, यादी करा. आपल्या गल्लीतली घरं आपणच मोजायला लागलो की भावाच्या एका घराची दोन होतात, आणि ज्याच्याशी नळावर भांडण झालंय त्याचं नाव गळतं.”

“बाहेरच्या माणसानं मोजल्यावर काय होतं, तेही बघितलंय, साहेब. तो सकाळी अकराला येतो. धुण्याभांड्याला गेलेल्या बाईच्या दाराला तेव्हा कुलूप असतं. तो ‘घर बंद’ लिहितो आणि पुढं जातो. मग वर्षभर ती बाई अपात्रांच्या यादीतून नाव काढायला हेलपाटे घालते. आमच्या बायका संध्याकाळी, चुली पेटल्यावर फिरतात. दारावर रंगानं नंबर टाकतात. यादी चौकात लावतात. कुणाचं चुकलं असेल तर त्यानं सगळ्यांसमोर येऊन सांगायचं.”

ताई सांगतात ती रीत येरवड्याच्या आधीची आहे. मुंबईतली जनता कॉलनी 1976मध्ये उठवण्यात आली. तिथे राहणारे जॉकिन अर्पुथम पुढे राष्ट्रीय झोपडपट्टीवासी महासंघाचे नेते झाले. वस्ती उठवायला आलेल्यांच्या कागदांवर किती माणसे आहेत आणि प्रत्यक्षात किती, हा फरक त्यांनी स्वतः भोगला होता. 1984मध्ये स्पार्क सुरू झाली. पुढच्याच वर्षी तिने भायखळा परिसरातल्या फूटपाथवर राहणाऱ्या कुटुंबांची गणना प्रसिद्ध केली. त्याच वर्षी फूटपाथवासीयांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने उपजीविकेचा हक्क जगण्याच्या हक्काचा भाग मानला, तरी फूटपाथ मोकळे करण्याचा महापालिकेचा अधिकारही मान्य केला. कोर्टात जिंकूनही घर जाऊ शकते, हे फूटपाथवरच्या बायकांच्या लक्षात आले. 1986मध्ये त्यांनी महिला मिलन उभी केली. तेव्हापासून मोजणी हे या चळवळीचे हत्यार आहे. ज्या माणसांची यादी त्यांच्याच हातात आहे, त्यांच्याशी अधिकाऱ्याला बोलावे लागते.

चौकात लावलेल्या यादीचे मोल अभियंता मान्य करतात. मात्र ते एक अट घालतात: यादी वस्तीने करावी, पण पुरावे तपासणारा माणूस बाहेरचा असावा. ताई ती अट मान्य करतात. बाहेरचा माणूस आला की दादा लोकांचा दबाव कमी होतो, हे त्या स्वतःच जोडतात.

बचतीवर दोघांचे फारसे वाजत नाही, तरी हा भाग जवळून पाहावा असा आहे. भायखळ्याला ज्या बायकांनी सुरुवात केली त्यांतल्या बहुतेकींना लिहितावाचता येत नव्हते. प्रत्येकीला प्लास्टिकची एक पिशवी दिली जाई. जमा केलेल्या पैशाच्या रकमेप्रमाणे त्या पिशवीत रंगीत कागदाचे चौकोनी तुकडे पडत. एकेका रकमेला एकेक रंग. पिशवी उजेडाकडे धरली की आपली शिल्लक बाईला दिसे. दोन-पाच रुपये गोळा करायला रोज दारोदार फिरणारी बाई फक्त पैसे जमवत नाही. कुणाच्या घरात आजारपण आहे, कुणाचा नवरा कामावरून सुटला आहे, कुणाकडे गावाहून दीर राहायला आला आहे, हे सगळे तिला कळत जाते. पुढे घराचा दहा टक्के हिस्सा कोण भरू शकेल आणि कुणाला हप्ता बांधून द्यावा लागेल, याचा अंदाज बँकेच्या अधिकाऱ्यापेक्षा तिला लवकर येतो.

खरी चकमक आराखड्यावर होते.

“घराचा आराखडा मतदानानं ठरत नाही,” अभियंता सांगतात. “भिंतीला भिंत लागून घरं. एकाचा पाया खणला की शेजारच्याची भिंत खचते. कुणाची जागा बारा बाय आठ, कुणाची त्रिकोणी. कॉलम कुठं घालायचा हे बाईला विचारून कळणार आहे का? शिवाय प्रत्येक घर वेगळं म्हटल्यावर एका घराचं सेंटरिंग दुसऱ्याला चालत नाही. ट्रक बोळात शिरत नाही. सिमेंटची गोणी, वाळू, विटा, सगळं डोक्यावरून न्यायचं. ठेकेदार अशा कामाला हात लावत नाही, आणि लावला तर दर वाढवून मागतो.”

“कॉलम तुम्हीच सांगा, साहेब. त्यात आमचं काही म्हणणं नाही. पण जिना कुठं, हे आम्हाला विचारा. अडीचशे-पावणेतीनशे फुटांत जिना एक खोली खातो. मोरी दाराशी केलीत तर पाणी भरायला सोपं, पण येणाऱ्या-जाणाऱ्यासमोर अंघोळ कशी करायची? शिलाई मशीन उजेडात लागतं. हे कागदावर दिसत नाही. कापडाच्या घरात दिसतं.”

कापडाचे घर ही महिला मिलनची जुनी युक्ती. मोकळ्या जागेत फक्कीने घराची आखणी करायची, बांबू रोवायचे, त्यांना कापड बांधून खऱ्या मापाच्या भिंती उभ्या करायच्या. मग बायका आत शिरतात. एक जण शेगडीच्या जागी उकिडवी बसते, दुसरी हंडा घेऊन दारातून आत येऊन बघते, तिसरी अंथरूण टाकून पाहते आणि पाय भिंतीला लागतात म्हणते. कापड सोडून हातभर पलीकडे बांधायला पाच मिनिटे लागतात. विटांची भिंत हलवायला आठवडा. नकाशा वाचता न येणारी बाईसुद्धा या घरात चार पावले टाकून वास्तुविशारदाची चूक दाखवू शकते. घर रचणाऱ्याला आणि घरात राहणाऱ्याला एकाच भाषेत बोलायला लावणारे याहून स्वस्त साधन नाही.

1980च्या दशकात भायखळ्याच्या बायकांनी असेच घर रचले होते. चौदा फूट उंचीची एक खोली आणि तिच्या अर्ध्या भागावर पोटमाळा. संडास मात्र त्यांना घरात नको होता, चार-पाच कुटुंबांत एक बाहेर चालणार होता. स्वयंपाकाच्या जागेला लागून संडास त्यांना पटत नव्हता, आणि एवढीशी जागा त्यात घालवायची त्यांची तयारी नव्हती. येरवड्यापर्यंत काळ बदलला. इथल्या घरांत संडास आत आला. रहिवाशांची मागणी कायमची एकच नसते, पिढीगणिक ती बदलते. म्हणून एकदा ठरवून छापलेला नमुना पंचवीस वर्षे चालवणे चुकीचे, हे ताईंचे म्हणणे या उदाहरणावर टिकते.

येरवड्याच्या आराखड्यात यासाठी जागा ठेवली होती. घरांचे तीन नमुने होते. एकात तळमजला आणि वर एक मजला, पुढे आणखी एक चढवता येईल अशा पायावर. दुसऱ्यात तळ मोकळा, तिथे दुकान काढावे किंवा हातगाडी, दुचाकी लावावी. तिसऱ्यात मधला मजला मोकळा. तिथे कामाची उघडी जागा किंवा सवडीने खोली. आधीच पक्के घर असलेल्यांना हात लावायचा नव्हता. त्यामुळे वस्ती सपाट न होता मधली मधली कच्ची घरे तेवढी नवी व्हायची होती. ज्यांची जागा अगदीच तोकडी होती अशा शेजाऱ्यांनी जागा एकत्र करून वर चढायचे. ही तडजोड बाहेरून लादली असती तर एकही शेजारी तयार झाला नसता, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. वरचा मजला कुणी घ्यायचा याचे भांडण माणसे ज्याच्या दारात रोज बसतात त्याच्याशीच मिटवू शकतात.

तरी अभियंत्यांचा मुद्दा पुसला जात नाही. 3 लाखांचा आकडा कागदावर ठरला आणि तिथेच थांबला. पोलाद आणि सिमेंट थांबले नाही. घरोघरी चर्चा करायला लागणारा प्रत्येक महिना बांधकामाचा खर्च वाढवत होता.

“चर्चेची किंमत असते, ताई. ती कुणी धरलीच नाही,” ते म्हणतात. “घर पाडलं की कुटुंबाला भाड्यानं किंवा बहिणीकडं राहावं लागतं. तीन महिन्यांचे आठ झाले तर ते भाडं कुणी द्यायचं? बिल्डर निदान भाडं देतो.”

“देतो, साहेब, सुरुवातीला. नंतर धनादेश थांबतात. इमारत अर्धवट राहते आणि माणसं संक्रमण शिबिरात पिढी काढतात. मुंबईत जाऊन बघा. पण तुमचं खरं आहे. भाड्याचा विचार आमच्या योजनेत आधी व्हायला हवा होता. वाढलेल्या दराचाही.”

इथून बोलणे पैशाकडे वळते आणि अभियंता आपला सर्वांत जोरदार मुद्दा मांडतात. एसआरएत सरकारचा रुपया जात नाही. 4000 घरांना प्रत्येकी 3 लाख म्हणजे 120 कोटी. शहरातल्या वस्त्यांमधली घरे लाखांनी मोजावी लागतात. सार्वजनिक पैशातून एवढे कसे व्हायचे?

या हिशेबाची दुसरी बाजू उघड करून पाहावी लागते. फुकट घराचा खर्च विक्रीच्या घरांतून निघतो, म्हणजे जमिनीच्या भावातून निघतो. जिथे भाव चढा, तिथेच बिल्डर येतो. नाल्याच्या काठची, टेकडीच्या उतारावरची, शहराच्या कडेची वस्ती त्याच्या हिशेबात बसत नाही. सांगली-कोल्हापूरसारख्या शहरांत तर तेवढा भावच नाही. तिथल्या कामाला वेगळी वाट शोधावी लागली. शेल्टर असोसिएट्स या पुण्यातल्या संस्थेने वस्त्यांचे घरनिहाय नकाशे तयार केले आणि ‘एक घर, एक शौचालय’ या कामात बांधकामाचे साहित्य संस्थेने पुरवायचे, बांधकाम कुटुंबाने करून घ्यायचे, अशी विभागणी केली. वाढीव चटईक्षेत्र फुकट मिळते हेही खरे नाही. ज्या रस्त्यावर, ज्या पाण्याच्या आणि मैल्याच्या वाहिनीवर ते चढते ती सगळी सार्वजनिक आहे. शहर ती किंमत रोख देत नाही, भार वाहून देते.

ताईंना मात्र या आकडेमोडीपेक्षा इमारतीच्या आतला खर्च बोचतो. “फुकट घर म्हणतात, साहेब. पण लिफ्टचं बिल येतं, पाण्याच्या पंपाचं येतं, दर महिन्याचा मेंटेनन्स येतो. भंगार वेचणारी बाई माल घेऊन सातव्या मजल्यावर जाईल कशी? वर्गवारी करायला जागा कुठं? पापड वाळवायचे कुठं? आमच्या बोळात घर आणि धंदा एकच असतो. तुम्ही घर दिलंत आणि धंदा घेतलात.”

“आणि बोळात आग लागली तर?” अभियंत्यांचा सवाल तितकाच खरा आहे. “बंब कुठपर्यंत येणार? बाळंतीण बाई उचलून मुख्य रस्त्यापर्यंत आणायची? क्षयाचा रोगी ज्या खोलीत राहतो तिथं वर्षभर ऊन येत नाही. जागच्या जागी घर म्हणजे जागच्या जागी कोंडमारा, असं व्हायला नको.”

ताई याला पूर्ण उत्तर देऊ शकत नाहीत, आणि प्रामाणिकपणे तसे म्हणतात. घर नव्याने बांधताना प्रत्येकाने भिंत हात-दीड हात मागे घेतली तर बोळ रुंद होतो, आणि हे शेजाऱ्यांच्या संमतीने होऊ शकते, एवढे त्या सांगतात. पण मधे पक्के घर असलेला माणूस मागे सरत नाही. तिथे बोळ पुन्हा चिंचोळा होतो. कुणालाच न हलवण्याच्या तत्त्वाची ही खरी मर्यादा आहे. काही घरे हलवल्याशिवाय बंबाचा रस्ता होत नाही, आणि ती कुणाची हे ठरवणे कुठल्याही वस्तीला जड जाते.

मलवाहिनीचा प्रश्न येतो तेव्हा दोघे अनपेक्षितपणे एका जागी भेटतात.

“घरात संडास बांधला. पण चेंबर तुंबला की पाणी त्याच घरात उलटं येतं,” अभियंता सांगतात. “मुख्य वाहिनीला उतार नसेल, तिचा व्यास कमी असेल, तर तुमच्या हजार बैठका वाया. पुढारीपण करून पाणी चढावर जात नाही.”

“तेच म्हणतेय. गल्लीच्या आतलं आम्ही करतो. गल्लीच्या बाहेरचं तुम्ही करा.”

ही वाटणी कराचीच्या ओरंगी वस्तीत प्रत्यक्ष झाली आहे. अख्तर हमीद खान यांनी 1980मध्ये तिथे काम सुरू केले. गल्लीतली वीस-चाळीस घरे एकत्र येऊन आपला एक म्होरक्या निवडत, वर्गणी काढत आणि घरातला संडास व गल्लीतली वाहिनी स्वतःच्या पैशाने बांधत. खान यांची संस्था उतार मोजून द्यायची, तांत्रिक सल्ला द्यायची आणि अवजारे पुरवायची. मोठ्या वाहिन्या आणि सांडपाण्यावरची प्रक्रिया ही सरकारची जबाबदारी. ठेकेदार मधून वगळल्यामुळे खर्च कित्येक पटींनी उतरला. ओरंगीची अडचणही इथेच होती: सरकारने आपला भाग केला नाही तिथे गल्ल्यांचे पाणी उघड्या नाल्यातच जाऊन पडले. रहिवाशांचे काम सरकारच्या कामाची जागा घेऊ शकत नाही. ते सरकारला त्याची जागा दाखवून देते.

पुण्यात याच वाटणीवर एक मोठे काम झाले, आणि घरांपेक्षा ते अधिक शिकवणारे आहे. 1999मध्ये आयुक्त रत्नाकर गायकवाड यांनी वस्त्यांमधील सार्वजनिक शौचालये ठेकेदारांऐवजी संस्थांकडून बांधून घ्यायचे ठरवले. बांधकामाचा खर्च, पाणी आणि वीज महापालिकेची. आराखडा, बांधकाम आणि पुढची देखभाल संस्थेची व वस्तीची. दोन वर्षांच्या आसपास चारशेहून अधिक शौचालये उभी राहिली. आढावा दर आठवड्याला होई, अडलेली परवानगी तिथल्या तिथे सुटे.

महिला मिलनच्या शौचालयांत बायकांनी काही साध्या गोष्टी घातल्या. बायकांचे आणि पुरुषांचे दरवाजे वेगळे. पाण्याची टाकी. देखभाल करणाऱ्या कुटुंबाला राहायला वर एक खोली, म्हणजे रात्रीही कुणीतरी असते. आणि मुलांसाठी वेगळा विभाग. सकाळच्या गर्दीत रांगेतले पोर मागे ढकलले जाते आणि शेवटी बाहेरच बसते, हे प्रत्येक आईने पाहिलेले होते. मोठ्यांच्या भांड्यावर त्याचे पाय पुरत नाहीत, अंधाऱ्या खोलीत त्याला भीती वाटते. म्हणून मुलांसाठी लहान मापाची उघडी बैठक, धरायला दांडी आणि शेजारी उभी राहणारी आई. वापराचा पास कुटुंबाला महिन्याला वीस रुपयांचा. त्यातून साफसफाई आणि राखणाऱ्याचा पगार निघे. महापालिकेच्या जुन्या शौचालयांत दरवाजे तुटलेले, पाणी नाही, सफाई कामगार येत नाही, ही तक्रार नेहमीची. मुलांच्या बैठकीची कल्पना नियमपुस्तकात नव्हती, कारण नियमपुस्तक लिहिणाऱ्यांत कुणी सकाळी सहाला पोराला घेऊन त्या रांगेत उभे राहिलेले नव्हते.

अभियंता हे ऐकून थांबतात. “त्या वेळी आम्हीही शिकलो,” ते म्हणतात. “पण ताई, एक सांगा. आयुक्त बदलल्यावर काय झालं? दर आठवड्याची बैठक एका माणसाच्या उमेदीवर चालली होती. तो गेला की फायली पुन्हा टेबलावर बसतात.”

हा आक्षेप रहिवाशांच्या नेतृत्वावरचा नाही, त्या नेतृत्वाशी हातमिळवणी करणाऱ्या यंत्रणेवरचा आहे. आणि तो बरोबर आहे. वस्तीतली संघटना वर्षानुवर्षे टिकते, तिच्याशी बोलणारा अधिकारी तीन वर्षांत बदलून जातो. 2006पासून पुण्यात प्रभागातली छोटी कामे नागरिकांनी अर्ज करून अंदाजपत्रकात सुचवायची सोय आहे. अशा कायमच्या सोयींचा उपयोग आयुक्तांच्या उमेदीपेक्षा जास्त. पण त्या अर्जापर्यंत वस्तीतली बाई पोचते का, हे ज्या त्या प्रभागात पाहावे लागते.

आता प्रश्न उरतो, ‘रहिवासी’ म्हणजे कोण? इथे अभियंता आक्रमक होतात आणि ताई बचावावर येतात.

“तुमच्या बैठकीला घरमालक येतात. वरच्या पत्र्याच्या खोलीत भाड्यानं राहणारा बिहारचा गवंडी येतो का? त्याचं नाव यादीत आहे? नवं घर झालं की भाडं वाढतं, पहिला तोच बाहेर जातो. बिल्डर वाईट असेल, पण वस्तीतला घरमालकही साधू नाही.”

ताई लगेच बोलत नाहीत. मग म्हणतात, “येत नाही. मी बोलावलंय, पण तो घाबरतो. घरमालकाच्या समोर काय बोलणार? त्याचं वेगळं भाडेपत्रक, वेगळी यादी करायला हवी होती. आम्ही केली नाही.”

एसआरएतही भाडेकरूच्या हाती बहुधा काही लागत नाही, उलट तिथे पात्रतेची तारीख असते आणि परिशिष्ट दोनमध्ये, म्हणजे झोपडीधारकांच्या अधिकृत यादीत, नाव नसलेला माणूस मोजलाच जात नाही. पण म्हणून ताईंच्या वाटेवरचा दोष कमी होत नाही. वस्ती म्हणजे एकमताचे कुटुंब नाही. तिच्यात जात आहे, पक्ष आहे, उधारी देणारा आहे, आधी आलेला आणि नंतर आलेला आहे. रहिवाशांच्या नेतृत्वाचे मोल त्या वस्तीत सर्वांत कमी ऐकू येणाऱ्या माणसाच्या बाजूने मोजावे लागते.

बायकांच्या श्रमाचा मुद्दाही अभियंत्यांनीच काढला, आणि तो काढल्याबद्दल त्यांचे आभार मानायला हवेत. रोज बचत गोळा करणे, रात्री यादी करणे, कार्यालयात बसून राहणे, बांधकामावर नजर ठेवणे हे सगळे काम घरकाम आणि मजुरी सांभाळून केले जाते. ते कुठल्याही अंदाजपत्रकात दिसत नाही. ताई म्हणतात की या कामामुळेच बाईला साहेबांसमोर खुर्चीवर बसता आले, ते पैशात मोजता येणार नाही. अभियंता म्हणतात, न मोजता येणाऱ्या कामाचाही मेहनताना देता येतो. सर्वेक्षणाचे पैसे खासगी सल्लागाराला मिळतात तर ते यादी करणाऱ्या बाईला का नाहीत, या प्रश्नावर ताईंकडे उत्तर नाही आणि असूही नये.

शेवटचा प्रश्न जमिनीचा. येरवड्यात घरे पक्की झाली, पण पायाखालच्या जमिनीचा कागद रहिवाशांच्या नावावर झाला नाही. पुढच्या योजनेत हीच अडचण मोठी झाली. जून 2015मध्ये प्रधानमंत्री आवास योजनेचा शहरी भाग सुरू झाला. तिच्यात स्वतःच घर बांधणाऱ्या कुटुंबाला केंद्राकडून दीड लाख रुपयांचे अर्थसाहाय्य होते. रहिवाशांच्या हाती काम देणारा हाच घटक. पण त्याला जमिनीच्या हक्काचा कागद लागे, आणि तो झोपडीत नसतो. ओडिशाने 2017मध्ये झोपडीवासीयांना जमिनीचा हक्क देणारा कायदा केला. तो हक्क वारसाला जातो, पण विकता येत नाही. आपल्याकडे नागपुरात झोपडीधारकांना जमिनीचे पट्टे वाटले गेले. पुण्या-मुंबईच्या महागड्या जमिनीवर ते का होत नाही, याचे उत्तर त्या जमिनीच्या भावातच आहे.

“पट्टा दिला की लोक विकून जातील,” अभियंता म्हणतात.

“ओडिशासारखी अट घाला. आणि एसआरएची घरं विकली जात नाहीत का? कुलमुखत्यारपत्रावर रोज जातात.”

तिथून बोलणे वस्तीतल्या स्लॅबवर येते. वरच्या मजल्यासाठी सोडलेल्या सळया स्लॅबमधून बाहेर आलेल्या आहेत, त्यांना गंज चढू नये म्हणून काहींनी प्लास्टिक गुंडाळले आहे. मुलगा मोठा झाला, लग्न ठरले की मजला चढणार. पाया त्यासाठीच धरला होता. अभियंत्यांना यातच धोका दिसतो: पाया आणखी एका मजल्यापुरता धरलेला, आणि लोक दोन चढवतील. वर चढण्याआधी कुणी तपासणार? परवानगी मागायला जमिनीचा कागद नाही, म्हणून कुणी मागणारच नाही, आणि न मागता बांधलेले घर कुणी तपासणारही नाही.

ताई सुचवतात की गल्लीच्या समितीने दर वर्षी वाढीव बांधकामाची यादी करावी आणि प्रभाग कार्यालयाच्या अभियंत्याने ती पायाच्या जुन्या नकाशांशी ताडून पाहावी. पाडापाडीसाठी नाही, जे चालेल ते लिहून देण्यासाठी. अभियंता विचारतात, ते जुने नकाशे आहेत कुठे. ताईंच्या कपाटात त्यांच्या गल्लीचे आहेत, फायलीत, घरनंबराप्रमाणे लावलेले. बाकीच्या गल्ल्यांचे गोळा करायला हवेत.